अग्निसरोवराची दोनशे वर्षे

अमरकोशाने पृथ्वीची जी नावे दिली आहेत त्यांत 'अचला' आहे, 'स्थिरा' आहे आणि या दोहोंच्या मध्ये 'रसा' हेही एक नाव आहे. या शेवटच्या शब्दाची व्युत्पत्ती पंडितांनी कशीही लावलेली असो. जी ढळत नाही ती आणि जिच्या पोटात रस आहे ती, अशी दोन्ही नावे एकाच भूमीला कशी शोभतात, याचा प्रत्यय पृथ्वीच्या पाठीवर फार थोड्या ठिकाणी येतो. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटावरचा किलाउएआ हा ज्वालामुखी त्या ठिकाणांपैकी एक होय. त्याच्या शिखरावर अनेकदा वितळलेल्या खडकाचे सरोवर तयार होते. आणि त्याच्या कुशीतल्या भेगा उकलल्या म्हणजे तोच रस दूरवरच्या एखाद्या गावाच्या शेतातून बाहेर पडतो. त्या सरोवराचा, त्या भेगांचा आणि त्यांवर पिढ्यान् पिढ्या नजर ठेवून बसलेल्या माणसांचा इतिहास थोडक्यात सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्राबाहेर पन्नास वर्षे नांदत असलेल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत हवाई बेटाचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या घरातल्या पाट्या-वरवंट्यातच आहे. ज्या काळ्या पाषाणाचे जाते आपल्या आजीने फिरविले, ज्यातून रायगडाचे कडे उभे राहिले आणि ज्यात अजिंठा-वेरूळची लेणी कोरली गेली, तो पाषाण एके काळी असाच भेगांतून वाहत आलेला रस होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनची भूमी उकलली आणि लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले. आजही ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहेत. सह्याद्रीच्या अंगावर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे त्या थरांच्याच कडा. आपली भूमी घडताना पाहावयास मनुष्य नव्हता. ते कार्य, अर्थात फारच लहान प्रमाणावर, मनुष्याच्या डोळ्यांदेखत जेथे चालू आहे, तेथला वृत्तान्त म्हणूनच आपल्याला अगदीच परका नाही.

काहील आणि तिच्या भेगा

ज्वालामुखी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शंकूसारखा उंच डोंगर उभा राहतो. किलाउएआ तसा नाही. पालथ्या घातलेल्या ढालीसारखा तो पसरट असून त्याची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम १,२४७ मीटर आहे. शिखरावर टोक नाही, तर काही किलोमीटर लांबी-रुंदीचा खोलगट, उभ्या कड्यांनी वेढलेला प्रदेश आहे. भूशास्त्रज्ञांनी अशा खोलगटास दिलेल्या स्पॅनिश नावाचा अर्थ 'कढई' असा होतो. गुऱ्हाळातली काहील ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची आठवण व्हावी. या काहिलीच्या तळाशी आणखी एक विवर आहे, त्याचे नाव हालेमाउमाउ. हवाईच्या लोकांच्या श्रद्धेनुसार अग्निदेवता पेले हिचे ते निवासस्थान.

शिखराखाली काही किलोमीटर खोलीवर शिलारसाचा साठा आहे. पृथ्वीच्या अंतर्भागातून येणारा रस त्यात भरत राहतो. साठा भरला की वरचा डोंगर किंचित फुगतो. रिता झाला की खाली बसतो. शिखरापासून दोन दिशांना, एक पूर्वेकडे व दुसरा नैर्ऋत्येकडे, भेगांचे लांबलचक पट्टे गेलेले आहेत. त्यांपैकी पूर्वेकडचा पट्टा जमिनीवरून सुमारे ५० किलोमीटर जाऊन पुढे समुद्राच्या तळाशीही चालू राहतो. साठ्यातील रसाला वर येण्यास वाट मिळाली तर तो शिखरावरील विवरात उसळतो आणि विवराच्या भिंतींनी अडल्यामुळे तेथेच साचतो. यालाच लाव्हासरोवर म्हणतात. त्याच्या पृष्ठभागावर तापलेल्या दुधावर धरावी तशी काळी साय धरते, ती फाटते, तिच्या फटींतून खालचा लाल रस दिसतो आणि सायीचे तुकडे उलटून पुन्हा रसात बुडतात. परंतु रसाने शिखराऐवजी कुशीतल्या भेगांची वाट धरली, तर शिखरावरचे सरोवर ओसरते आणि कित्येक किलोमीटर दूर जमीन फाटते. किलाउएआच्या दोनशे वर्षांच्या इतिहासाचे मर्म या एका नात्यात आहे. वर ओसरले म्हणजे खाली कोठेतरी येणार!

पूर्वेकडचा पट्टा ज्या जिल्ह्यातून जातो त्याचे नाव पुना. आपल्या पुण्याशी त्याचा संबंध नाही. पण नाव वाचताच मराठी माणूस थबकतो खरा. या पुना जिल्ह्याच्या पूर्व टोकाशी कापोहो नावाचे गाव होते. पुढील हकीकतीत ते वारंवार येणार आहे.

काहावालीची गोष्ट

इ. स. १८२३ च्या ऑगस्टमध्ये विल्यम एलिस हा इंग्रज मिशनरी काही सहकाऱ्यांसह किलाउएआच्या काठावर पोहोचला. या सरोवराचे पहिले सविस्तर लिखित वर्णन त्याचे आहे. खाली पसरलेल्या अग्निप्रवाहात त्याने शंकूच्या आकाराची ५१ बेटे मोजली. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याने टिपली ती वेगळीच. विवराच्या भिंतीला आतून एक काळा, रुंद कट्टा होता. रस थोड्याच काळापूर्वी त्या कट्ट्यापर्यंत भरलेला असला पाहिजे आणि भूमिगत मार्गाने तो समुद्रात किंवा किनाऱ्यालगतच्या सखल भूमीवर निघून गेला असला पाहिजे, असे अनुमान त्याने केले. ते बरोबर होते. त्याच वर्षी नैर्ऋत्येच्या भेगेतून लाव्हा वाहून गेलेला होता. भूशास्त्र जेव्हा बाल्यावस्थेत होते तेव्हा एका धर्मोपदेशकाने केवळ डोळसपणाच्या बळावर हे ताडले, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

अर्थात हवाईच्या मूळ रहिवाशांना हे नाते फार पूर्वीपासून आपल्या परीने ठाऊक होते. एलिसला पुना जिल्ह्यात कापोहोजवळ सांगण्यात आलेली एक कथा त्याची साक्ष देते. काहावाली नावाचा त्या भागाचा एक सरदार गवताळ टेकडीवरून लाकडी घसरगाडीने घसरत जाण्याच्या शर्यतीत मोठा तरबेज होता. एकदा पेले शिखरावरून स्त्रीवेषाने खाली आली आणि तिने त्याची गाडी मागितली. त्याने तिला ओळखले नाही. एका सामान्य बाईला आपली गाडी कशाला द्यावी, म्हणून तुसडेपणाने नकार दिला. देवीने पाय आपटला, भूमी हादरली, टेकडी फुटली आणि धगधगत्या रसाच्या लाटेवर आरूढ होऊन ती त्याच्या पाठीस लागली. काहावाली आप्तस्वकीयांचा घाईघाईने निरोप घेत समुद्राकडे धावला व एका होडीत बसून निसटला. मागे राहिले ते जळाले.

या कथेत अतिमानुष भाग वगळला तर काय उरते? शिखरावरची देवता तेथून निघते, दूरच्या पुना जिल्ह्यात प्रकटते, आधी भूकंप होतो, मग भूमी फुटते आणि लाव्हा समुद्रापर्यंत जातो. हा सर्व क्रम यथातथ्य आहे. लिहिण्याची कला ज्या समाजात नव्हती त्याने आपला अनुभव कथेच्या रूपाने जपून ठेवला होता.

पुढे १८४० साली पूर्वेच्या पट्ट्यात मोठा उद्रेक होऊन लाव्हा समुद्राला मिळाला आणि शिखरावरील काहिलीचा तळ खचला. त्यानंतर कापोहोच्या बाजूस शंभराहून अधिक वर्षे जमिनीवर उद्रेक झाला नाही. शिखरावर मात्र अधूनमधूनचे खंड सोडल्यास सरोवर धगधगत राहिले. काठावर पथिकाश्रम झाला, त्याचे हॉटेल झाले. जगभरचे प्रवासी ते नवल पाहू लागले. मार्क ट्वेन या प्रसिद्ध अमेरिकन लेखकानेही १८६६ मध्ये ते पाहिले. पाहणारे पुष्कळ झाले. रोज पाहून लिहून ठेवणारा मात्र अद्याप यावयाचा होता.

नोंदवहीचा माणूस

१९०२ साली वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर पेले याच नावाशी साम्य असलेल्या माँ पले या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सेंट पिअर हे शहर काही मिनिटांत नष्ट झाले. सुमारे २८,००० माणसे मेली. ते उद्ध्वस्त शहर पाहावयास गेलेल्या शास्त्रज्ञांत थॉमस जॅगर हा अमेरिकन भूशास्त्रज्ञ होता. त्या दृश्याने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. उद्रेक झाल्यावर धावत जाऊन राख गोळा करण्यात अर्थ नाही. ज्वालामुखीच्या काठावर घर करून, तो शांत असताही, त्याची दररोज नोंद ठेवली पाहिजे, असे त्याचे मत बनले.

१९११ च्या उन्हाळ्यात फ्रँक पेरेट व शेफर्ड या शास्त्रज्ञांनी हालेमाउमाउवर तार ताणून, तिच्यावरून तापमापक उपकरण सरोवरात सोडले आणि रसाचे तापमान सुमारे १,००० अंश सेल्सिअस असल्याचे मोजले. पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, जॅगरने काठावर वेधशाळा उभारली. भूकंपलेखक यंत्रांसाठी जे तळघर खोदले गेले त्याचे खोदकाम कैद्यांकडून करून घेण्यात आले, आणि त्यात बसविलेली काही यंत्रे ओमोरी या जपानी भूकंपशास्त्रज्ञाच्या रचनेची होती. यापुढे शहरे अशी गाडली जाऊ नयेत, अशा अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य तेथे लावण्यात आले.

शासकीय नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसास या वेधशाळेची पुढील हकीकत विशेष ओळखीची वाटेल. प्रारंभी शिक्षणसंस्था व स्थानिक व्यापारी यांच्या वर्गणीवर चाललेली ही संस्था १९१९ मध्ये अमेरिकेच्या हवामान खात्याकडे गेली, १९२४ मध्ये भूशास्त्रीय सर्वेक्षणाकडे, १९३५ मध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याकडे आणि १९४७ च्या अखेरीस पुन्हा सर्वेक्षणाकडे. खाती बदलली, शीर्षकपत्रे बदलली, अनुदाने कमी-अधिक झाली. पण नोंद थांबली नाही. आज सरोवराची पातळी किती, काल किती धक्के बसले, काठ कोणत्या बाजूला किती कलला, याची टिपणे पडत राहिली. त्यातले बहुतेक दिवस अगदी नीरस असणार. नीरस दिवसाचीही नोंद करावयाची, हीच जॅगरची शिस्त होती. आणि तिचे मोल केव्हा कळणार, हे त्या दिवशी कोणालाच सांगता आले नसते.

१९२४ : कोरडे पडलेले सरोवर

१९२४ च्या फेब्रुवारीत हालेमाउमाउचे सरोवर झपाट्याने ओसरले. एप्रिलमध्ये दूर कापोहोला भूकंपाचे धक्के बसू लागले; जमिनीला भेगा पडल्या, काही पट्टे खचले. लोक घाबरून निघून गेले. परंतु तेथे लाव्हा बाहेर आला नाही. इकडे शिखराखालची पोकळी वाढत गेली, भूजलाने तापलेल्या खडकाशी गाठ घातली आणि १० मेपासून वाफेचे प्रचंड स्फोट सुरू झाले. कित्येक टन वजनाचे दगड दूरवर फेकले गेले. छायाचित्र घेण्यासाठी जवळ गेलेला एक मनुष्य प्राणास मुकला. शेकडो मीटर रुंदीचे विवर जवळजवळ एक किलोमीटर रुंद व सुमारे ४०० मीटर खोल झाले. सौम्य समजला जाणारा हा ज्वालामुखी किती घातक होऊ शकतो याचा हा पुनःप्रत्यय होता. पूर्वी १७९० साली अशाच स्फोटात हवाईच्या एका सरदाराच्या सैन्याची आख्खी तुकडी मृत्युमुखी पडली होती.

शिखर व पुना यांचे नाते या वेळी कागदावर उतरले. तथापि रस जमिनीखालून कोठवर गेला आहे हे चालू घटनेत मोजून सांगण्याइतकी साधने तेव्हा हाती नव्हती. ती येण्यास आणखी पस्तीस वर्षे जावी लागली.

एक सरोवर भरते, एक गाव बुडते

१९५० नंतरच्या काळात जेरी ईटन या शास्त्रज्ञाने वेधशाळेत नव्या भूकंपलेखकांचे जाळे उभारले व कल मोजण्याचे एक साधे परंतु अत्यंत सूक्ष्म उपकरण वापरात आणले. त्याचे तत्त्व आपल्याकडचा प्रत्येक गवंडी जाणतो. दोन टोकांची पातळी पाहण्यासाठी तो पाण्याने भरलेली नळी धरतो. ईटनने दूरदूर ठेवलेली भांडी पाण्याच्या नळीने जोडून डोंगर कोणत्या बाजूस फुगला हे मोजले. १९५९ च्या ऑगस्टमध्ये सुमारे ५० ते ६० किलोमीटर खोलीवर भूकंपांची मालिका नोंदली गेली. पुढे शिखर फुगू लागले, धक्के उथळ व असंख्य झाले.

१४ नोव्हेंबर १९५९ रोजी रात्री ८ वाजून ८ मिनिटांनी काहिलीलगतच्या किलाउएआ इकी, म्हणजे 'धाकट्या किलाउएआ' या विवराची भिंत फाटली. प्रथम शेकडो मीटर लांबीच्या भेगेतून अग्नीचा पडदा उभा राहिला. एका दिवसाच्या आत बाकीची तोंडे मिटून एकाच मुखातून कारंजे उसळू लागले. विवराच्या तळावर रस साचत गेला आणि सात दिवसांत तेथे नवे सरोवर झाले. त्याची पातळी मुखाच्या वर गेली तेव्हा कारंजे थांबले आणि रस त्याच मुखातून गर्जना करीत परत आत ओढला गेला. २० डिसेंबरपर्यंत असे १७ टप्पे झाले. भरावे, थांबावे, काही अंशी रिते व्हावे आणि पुन्हा भरावे, असा हा क्रम होता. १७ डिसेंबरच्या सुमारास कारंज्याने ५८० मीटरची उंची गाठली. दिल्लीच्या कुतुबमिनारावर कुतुबमिनार असे आठ रचावेत, तेव्हा जवळपास तितकी उंची होईल. शेवटी विवरात शंभर मीटरहून अधिक खोलीचे सरोवर राहिले, वाऱ्याने वाहून नेलेल्या सच्छिद्र खड्यांची एक टेकडी काठावर उभी राहिली, आणि भोवतालचे वन त्या खड्यांखाली गाडले गेले.

प्रेक्षक परतले, वर्तमानपत्रांनी विषय सोडला. वेधशाळेत मात्र निश्चिंतपणा नव्हता. एवढा रस बाहेर येऊनही शिखर खाली बसले नव्हते, उलट उद्रेकापूर्वीपेक्षाही अधिक फुगलेले होते. नळीतले पाणी सांगत होते की साठा भरलेला आहे. आणि भूकंपलेखक सांगत होते की धक्के पूर्वेकडे सरकत आहेत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कापोहोखाली धक्क्यांची झुंबड उडाली. १३ जानेवारी १९६० रोजी रस्त्यांना भेगा पडल्या, गावालगतची जमीन खचली. इशारे मिळाले होते. सायंकाळपर्यंत गाव रिकामे करण्यात आले. रात्री ७ वाजून ३५ मिनिटांनी गावाच्या वरच्या अंगाला, उसाच्या शेतात, सुमारे एक किलोमीटर लांबीची भेग उकलली.

उसाच्या फडात उठलेली ती ज्वालांची रांग गावकऱ्यांनी दुरून पाहिली. पुढचे पंधरा दिवस कापोहोसाठी जी झुंज झाली ती मनास चटका लावणारी आहे. बुलडोझर आणून मातीचे बांध घालण्यात आले. काही बांधांनी लाव्हा काही काळ थोपविला. मग तो बांधांवरून चढला, कोठे त्यांच्या खालून शिरला. लोकांनी घरांतले सामान, शाळेतली बाके, जे नेता येईल ते नेले. जानेवारीअखेर गावाचे नाव तेवढे उरले. कापोहो व शेजारची वस्ती मिळून सुमारे १०० घरे व दुकाने नाहीशी झाली. १९ फेब्रुवारीला उद्रेक संपला तेव्हा समुद्र मागे हटवून सुमारे २ चौरस किलोमीटर नवी जमीन तयार झाली होती. जवळच्या कुमुकाही भूशिरावरील दीपगृहाशी मात्र प्रवाह दुभंगला. रक्षकाचे निवासस्थान जळाले, मनोरा उभा राहिला. अनोळखी वृद्धेच्या रूपाने आलेल्या पेलेला दीपगृहाच्या रक्षकाने आदराने जेवू घातले होते म्हणून तिने मनोरा राखला, असे तेथील लोक सांगत. काहावालीच्या कथेचा हा जणू उत्तरार्ध.

त्याच सुमारास ४५ किलोमीटरवरील शिखर सुमारे दीड मीटर खाली बसले. एलिसने कट्टा पाहून जे अनुमान केले होते, त्याचे १३७ वर्षांनी आकड्यांत प्रमाण मिळाले. गावाचे दगडविटांचे शरीर गेले. पण त्या रात्री कापोहोत एकही माणूस मेला नाही. त्या हजारो नीरस नोंदींचे मोल येथे वसूल झाले असे म्हणावयास हरकत नाही.

सरोवर थिजण्यास लागलेला काळ

किलाउएआ इकीचे सरोवर थिजताना पाहणे हेही एक शास्त्र झाले. १९६० पासून १९८८ पर्यंत शास्त्रज्ञांनी त्याच्या कवचाला वारंवार छिद्रे पाडली. वरचे कवच माणसाच्या वजनाने न खचण्याइतके जाड लवकरच झाले. परंतु त्याखाली रस धगधगतच होता. एखाद्या भट्टीत हात घालावा त्याप्रमाणे छिद्रणयंत्र खाली घालून अर्धवट स्फटिक झालेल्या रसाचे नमुने वर काढण्यात आले. कोणत्या तापमानास कोणते खनिज प्रथम वेगळे होते, जड स्फटिक कसे खाली बसतात, कवच वर्षागणिक किती वाढते, हे प्रत्यक्ष पाहता आले. सगळे सरोवर घन व्हावयास १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. शंभर-सव्वाशे मीटरच्या रसाला थिजण्यास सुमारे पस्तीस वर्षे! आपल्या सह्याद्रीचे एकेक थर किती सावकाश निवाले असतील, याचा अंदाज यावरून बांधता येतो. हवाईतील लाव्हाचा गुळगुळीत प्रकार, ज्याला तेथील भाषेत पाहोएहोए म्हणतात, आपल्या कवचाखाली रस भरून घेत हळूहळू फुगतो व जाड होतो, असे दिसून आल्यावर दख्खनच्या थरांचाही तसाच पुनर्विचार झाला. तेथल्या जिवंत खडकाने आपल्या थिजलेल्या खडकाचा अर्थ असा उलगडला.

पुन्हा तीच वाट

येथवरचा इतिहास ज्ञानाच्या विजयाचा वाटतो. पण तो अर्धाच आहे. कापोहो बुडाल्याला दहा वर्षे होतात न होतात तोच त्याच पुना जिल्ह्यात, त्याच भेगांच्या पट्ट्यावर, जमिनीचे लहान तुकडे पाडून ते स्वस्तात विकण्यात येऊ लागले. लैलानी इस्टेट्स नावाची वसाहत त्या काळातली. कापोहोच्या किनाऱ्यावरही नवी घरे झाली. १९७४ मध्ये शासनाच्याच भूशास्त्रीय सर्वेक्षणाने बेटाचा धोक्यानुसार नकाशा प्रसिद्ध केला. भेगांचा पट्टा त्यात सर्वांत धोक्याचा ठरला. तरीही वस्ती वाढली. याला केवळ अज्ञान म्हणता येणार नाही. अन्यत्र घर घेणे ज्यांना परवडत नव्हते त्यांना येथे समुद्राजवळ आपली म्हणावी अशी जागा मिळत होती. पावसाळी हवा, नवी माती, फुलांची व फळांची शेती; माणसाने संकटाचा नकाशा पाहिला आणि तो घडी करून ठेवून दिला. धरणाखाली, दरडीखाली, पूररेषेत वस्ती करणाऱ्या आपल्या देशबांधवांस त्यांना हसण्याचा अधिकार नाही.

३ जानेवारी १९८३ पासून पूर्वेच्या पट्ट्यात पुउ ओओ येथे सुरू झालेला उद्रेक ३५ वर्षे चालला. १९९० मध्ये कालापाना हे किनाऱ्यावरचे गाव त्याने गिळले. २००८ पासून शिखरावर हालेमाउमाउतही पुन्हा लाव्हासरोवर झाले. ३० एप्रिल २०१८ रोजी पुउ ओओचा तळ कोसळला. मेच्या प्रारंभी शिखरावरचे सरोवर ओसरू लागले, धक्के पूर्वेकडे सरकले. जाणकारांस पुढचे सांगावयास नको होते. ३ मे रोजी लैलानीच्या रस्त्यांतून व अंगणांतून लाव्हा वर आला. दुसऱ्या दिवशी ६.९ प्रतीचा भूकंप झाला. एकूण २४ भेगा उघडल्या. आठव्या भेगेतून निघालेली लाव्हानदी सुमारे १३ किलोमीटर वाहत गेली आणि ४ व ५ जूनला तिने कापोहोचा उपसागर भरून काढला. तेथले एक गोड्या पाण्याचे तळे, ज्याच्या स्थानिक नावाचा अर्थच 'पेलेचे पाणी' असा होतो, ते काही तासांत उकळून नाहीसे झाले होते. ७०० हून अधिक घरे गेली. ५८ वर्षांत कापोहो दुसऱ्यांदा पुसले गेले.

परंतु लाव्हाने एकही बळी घेतला नाही. लोकांना वेळेवर हलविण्यात आले. स्वतः वेधशाळेला मात्र शिखरावरील आपली जागा सोडावी लागली. काहिलीचा तळ शेकडो मीटर खचताना जे भूकंप झाले त्यांनी इमारतीस तडे गेले. शंभर वर्षे ज्याचा पहारा केला त्यानेच पहारेकऱ्यास घराबाहेर काढले. यंत्रे मात्र दूरवरून लिहीतच राहिली.

खचलेल्या हालेमाउमाउच्या तळाशी जुलै २०१९ मध्ये हिरवट पाणी दिसू लागले. भूजल झिरपून सुमारे ५० मीटर खोलीचे तळे झाले. आगीच्या सरोवराच्या जागी पाण्याचे सरोवर, हा लिखित इतिहासातला पहिलाच प्रसंग. २० डिसेंबर २०२० च्या रात्री विवराची भिंत पुन्हा फाटली, ते सारे पाणी अल्पावधीत वाफ होऊन उडाले आणि त्याच जागी लाव्हासरोवर भरू लागले. २३ डिसेंबर २०२४ पासून तेथे कारंज्यांची एक नवी मालिका सुरू झाली. थांबून थांबून उसळणारी ती कारंजी पाहून जुन्या लोकांना १९५९ ची आठवण झाली असल्यास नवल नाही.

उपसंहार

दोनशे वर्षांच्या या हकीकतीतून दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, सातत्याने केलेली नोंद माणसांचे प्राण वाचविते. १९२४ मध्ये जे भय होते त्याचे १९६० मध्ये पूर्वसूचनेत रूपांतर झाले आणि २०१८ मध्ये ती सूचना शासनाच्या व्यवहाराचा भाग बनलेली होती. दुसरी ही की, नोंद ही सूचना देते. निर्णय देत नाही. कोठे राहावे, धोका किती पत्करावा, ज्याला दुसरी जागा परवडत नाही त्याने काय करावे, हे प्रश्न भूकंपलेखकाच्या कागदावर सुटत नाहीत. ते समाजाने आणि त्याच्या शासनाने सोडवावयाचे असतात, आणि तेथे आपण सारेच अजून उमेदवार आहोत.

आपल्या मंडळाच्या कपाटातही पन्नास वर्षांची इतिवृत्ते आहेत. त्यांतील पुष्कळशी पाने 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले' यापलीकडे फारसे सांगत नाहीत. तरीही ती जपून ठेवावीत. परमुलखात आलेली मंडळी कशी आली, कोठे टिकली, कशाने हादरली, हे उद्या कोणास शोधावयाचे झाल्यास तोच एक आधार राहील.